बुश बदलण्याआधी वर्ग विचारणारी भोसरीची कार्यशाळा

भोसरी एमआयडीसीतील या कार्यशाळेला मी पहिल्यांदा फोन केला, तेव्हा गाडी कोणती, किती चालली आहे, खर्चाची तयारी किती, यांपैकी काहीही न विचारता पलीकडून एकच प्रश्न आला : "कोणत्या वर्गात उतरणार आहात, आणि त्या वर्गाचे नियम तुमच्याजवळ छापील आहेत का?" वर्ग म्हणजे गाडीत किती बदल करता येतात यावरून पाडलेला स्पर्धेतील गट. पुण्यात सस्पेन्शनचे काम करणारी गॅरेजे भरपूर आहेत आणि त्यांतील अनेकांचा हात चांगला आहे, पण हौशी स्पर्धेत उतरणाऱ्या माणसाला हातात पाना घेण्याआधी नियमाचा कागद मागणारे ठिकाण मला गेल्या सहा वर्षांत हे एकच भेटले. मालकांच्या इच्छेनुसार मी कार्यशाळेचे नाव येथे देत नाही. हंगामात त्यांच्याकडे आधीच दीड महिन्याची रांग असते आणि ती वाढू नये अशी त्यांची स्पष्ट विनंती आहे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तसेच लिहितो.

या प्रश्नाचे मोल मला कळले, कारण तो आधी न विचारला गेल्याची किंमत मी मोजली होती. माझी गाडी म्हणजे येथून जवळच, चाकणच्या कारखान्यात तयार झालेली पोलो. दोन वर्षांपूर्वी शहरातील दुसऱ्या एका गॅरेजमध्ये मी तिच्या पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश (त्याच्या सांध्यांतील रबरी भाग) बदलून घेतले. "पी. यू. बुश टाकले आहेत, आता गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल," असे मला सांगण्यात आले (पी. यू. म्हणजे पॉलियुरेथेन, रबरापेक्षा कडक कृत्रिम पदार्थ), आणि खरोखरच गाडी घट्ट झाली. त्यानंतरच्या ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानावर शंकूच्या आकाराचे कोन मांडून घड्याळ लावून होणाऱ्या स्पर्धेला, स्क्रूटिनीत (स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीत) तपासनिसांनी जॅकवर गाडी चढवून टॉर्च मारला आणि पाच मिनिटांत मला किरकोळ बदलांच्या वर्गातून काढून खुल्या वर्गात टाकले. गॅरेजवाल्याने मूळ बुशाचे रबर काढून टाकून त्या जागी लेथवर उतरवलेली जाड ॲल्युमिनियमची बाही, म्हणजे नळी, बसवली होती आणि पॉलियुरेथेनचे फक्त एक पातळ कडे तिच्याभोवती ठेवले होते. आयोजकांच्या पुरवणी नियमांत बुशाचा पदार्थ बदलण्यास मुभा होती; धातूचे प्रमाण वाढवण्यास नव्हती. खुल्या वर्गात माझ्यासमोर पूर्ण तयारीच्या गाड्या होत्या. त्या दिवशी मी शेवटून दुसरा आलो.

बुश ही सस्पेन्शनमधील सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे, असे माझे ठाम मत आहे. बाहेर धातूचे कवच, आत धातूची बाही आणि दोहोंच्या मधे चिकटवलेले रबर, एवढीच तिची रचना. आर्म वरखाली होतो तेव्हा हे रबर घसरत नाही, तर पिळले जाते आणि पुन्हा मूळ जागी येते. त्यामुळे त्याला ग्रीस लागत नाही, ते आवाज करत नाही आणि खड्ड्याचा धक्का शरीरापर्यंत पोहोचू देत नाही. मात्र तेच रबर ब्रेक दाबल्यावर किंवा वळणावर भार आल्यावर दबते, आर्म किंचित मागे किंवा आत सरकतो आणि चाकाचा रोख बदलतो. रस्त्यावर ही लवचिकता वरदान असते. कोनांच्या मधून गाडी वळवताना मात्र स्टीअरिंग फिरवल्यापासून गाडी प्रत्यक्ष वळेपर्यंतचा जो क्षणभराचा आळस जाणवतो, त्यातील बराच भाग याच रबरातून येतो. म्हणूनच शॉकअप आणि टायर यांच्यानंतर स्पर्धकाची नजर बुशाकडे वळते, आणि म्हणूनच नियम करणाऱ्यांनाही त्याची दखल घ्यावी लागते.

अण्णांच्या टेबलावर एक जाड फाइल आहे आणि या परीक्षणातील सर्वांत मोठी दाद मी त्या फाइलीला देईन. तीत भारतातील मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाचे, म्हणजे एफएमएससीआयचे, चालू वर्षाचे नियम आहेत, निरनिराळ्या आयोजकांचे पुरवणी नियम आहेत, आणि तुलनेसाठी अमेरिकेच्या एससीसीए या मोटर स्पर्धा संघटनेच्या ऑटोक्रॉस नियमावलीची व एफआयए या जागतिक मोटर क्रीडा महासंघाच्या अपेंडिक्स जे या परिशिष्टाची काही पानेही आहेत. आपल्या मैदानावरील स्पर्धेला अमेरिकेतील नियम लागू होत नाहीत, हे उघड आहे. पण १९४४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने हौशी स्पर्धकांचे इतके वाद सोडवले आहेत की बुशाविषयीची त्यांची भाषा फार घासूनपुसून तयार झालेली आहे. कोणत्या प्रश्नांची उत्तरे स्पर्धेआधी शोधून ठेवायची, हे ती वाचून कळते.

त्या नियमावलीत अगदी मूळ स्वरूपाच्या गाड्यांचा जो 'स्ट्रीट' वर्ग आहे, त्यात सस्पेन्शनचे बुश कंपनीचेच असावे लागतात. अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे रोखणारा आडवा दांडा, ज्याला आपल्या गॅरेजांत स्टॅबिलायझर म्हणतात, तो पुढचा किंवा मागचा यांपैकी एकच बदलता येतो आणि त्याच्या बुशाला कोणताही पदार्थ चालतो. त्यापुढच्या 'स्ट्रीट टूरिंग'मध्ये दार उघडते, पण अर्धेच. धातू सोडून कोणत्याही पदार्थाचा बुश चालतो, मात्र तो मूळ जागेतच बसला पाहिजे. मूळ बुशाच्या तुलनेत धातूचे प्रमाण वाढता कामा नये. बुशाचा प्रकार बदलता येत नाही, म्हणजे नळकांडीच्या आकाराच्या बुशाच्या जागी गोळा आणि खोबणीचा सांधा बसवता येत नाही. छिद्र मध्यापासून सरकवलेला, म्हणजे ऑफसेट बुश चालतो, पण छिद्राची दिशाच मूळ बुशापेक्षा तिरकी केलेली चालत नाही. बुश जागेवर फिरू नये म्हणून खिळ किंवा चावी लावता येते, पण तिने त्याखेरीज दुसरे कोणतेही काम करता कामा नये.

याच्या शेजारी एफआयएचा जुना ग्रुप ए, म्हणजे कारखान्यातील उत्पादन गाड्यांवरून तयार केलेल्या स्पर्धेच्या गाड्यांचा वर्ग, ठेवला की चित्र उलटे होते. तेथे सांध्याचा पदार्थ बदलण्यास मोकळीक आहे, अधिक कडक सायलेंट ब्लॉक (रबरी बुश), ॲल्युमिनियम, इतकेच काय, युनिबॉल म्हणजे गोळ्याचा सांधाही चालतो. पण ज्या अक्षाभोवती आर्म फिरतो तो अक्ष मूळ जागेवरून हलता कामा नये. म्हणजे जो युनिबॉल अमेरिकेच्या हौशी वर्गात गाडी बाद करतो, तो ग्रुप एमध्ये नियमात बसतो. आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, साधण्यासाठी लावलेला जो ऑफसेट बुश अमेरिकेत चालतो, तो अक्ष सरकवत असल्यामुळे ग्रुप एमध्ये चालत नाही. एका ठिकाणी नियमाची चिंता खर्चाची आणि गाडी रस्त्यावर चालण्याजोगी राहण्याची आहे, तर दुसऱ्या ठिकाणी सस्पेन्शनची भूमिती जशी प्रमाणित झाली तशीच राहण्याची. अण्णांनी ही दोन पाने माझ्यासमोर एकाशेजारी एक ठेवली, तेव्हा 'रेसिंग बुश' या शब्दाला स्वतःचा असा काही अर्थच नाही, हे मला उमगले. बुश कोणत्या वर्गाचा, हे सांगितल्यावरच तो चांगला की वाईट हे ठरते. या दोन्ही नियमावल्यांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे : ज्याला लेखी परवानगी नाही ते वर्ज्य. "नियमात नाही म्हटलेले नाही" हा आपल्याकडे स्क्रूटिनीच्या तंबूत रोज ऐकू येणारा युक्तिवाद तेथे उभाच राहू शकत नाही, आणि आपल्याकडील आयोजकांनीही तो उभा राहू देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

माझ्या पुढच्या स्पर्धेचे पुरवणी नियम अण्णांनी शेवटपर्यंत वाचले आणि दोन ओळींखाली पेन्सिलने रेघ मारली. 'धातूविरहित पदार्थ' या शब्दांत डेल्रिनसारखे कडक प्लास्टिक बसते की नाही, हे त्यांना स्पष्ट वाटत नव्हते. त्यांनी मला आयोजकांना लेखी विचारायला सांगितले आणि उत्तर येईपर्यंत काम सुरू केले नाही. चार दिवसांनी आलेले उत्तर होकारार्थी होते, तरीही आम्ही डेल्रिन घेतले नाही. ते रोजच्या वापराच्या गाडीसाठी फार कडक आहे आणि माझी पोलो सोमवार ते शुक्रवार मला कामावर नेते.

कामाची पद्धत सांगितली पाहिजे. जुने बुश प्रेसवर काढल्यावर त्यांनी तुलनेसाठी कंपनीचा एक मूळ बुश करवतीने उभा कापला, कवचाची आणि बाहीची जाडी व्हर्नियरने मोजली आणि एका कार्डावर लिहिली. नव्या बुशाची तीच मापे त्याशेजारी लिहिली. त्याखाली पदार्थ, शोर मोजमापावरील कडकपणा, बसवल्याची तारीख आणि मोजणाऱ्याची सही. हे कार्ड तपासनिसांना दाखवायचे, म्हणजे धातूचे प्रमाण वाढले की घटले यावर अंदाजाने वाद घालावा लागत नाही. इतकी साधी आणि इतकी उपयोगी गोष्ट मी दुसरीकडे कोठेही पाहिलेली नाही.

कडकपणाच्या बाबतीतही त्यांनी माझा एक गैरसमज दूर केला. गाडीच्या मूळ बुशाचे रबर शोर ए मापावर साधारण ५० ते ६५ च्या आसपास असते, तर बाजारात मिळणारे पॉलियुरेथेनचे बुश ७० पासून ९५ पर्यंत असतात. लाल म्हणजे मऊ आणि काळा म्हणजे कडक, असे आपल्याकडे अनेकजण धरून चालतात. पण रंग हा उत्पादकाने मिसळलेला असतो आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. मी नाना पेठेतून आधीच एक संच विकत आणला होता. त्यावर ८० आकडा छापलेला होता. अण्णांच्या मुलाने कडकपणा मोजणारा ड्युरोमीटर लावला, तेव्हा डाव्या बाजूचा बुश ७६ आणि उजव्या बाजूचा ८८ निघाला. असा संच बसवला असता तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली गेली असती आणि मी महिनाभर अलाइनमेंटला दोष देत बसलो असतो. तो संच मी परत केला. त्याऐवजी त्यांनी एमआयडीसीतच पॉलियुरेथेनचे रोलर ओतणाऱ्या एका कारखान्यातून माझ्या मापाचे बुश ओतून घेतले, आणि ते पॉलिईथर जातीचे असावेत असा आग्रह धरला. पॉलिएस्टर जातीचे युरेथेन दमट उष्णतेत पाण्यामुळे हळूहळू विघटित होते. पुण्याचा जून ते सप्टेंबर पाहता हा आग्रह अगदी रास्त आहे.

ज्या ठिकाणी त्यांनी मला नकार दिला, ते ठिकाण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मला मागच्या टॉर्शन बीमचेही, म्हणजे मागची दोन्ही चाके जोडणाऱ्या आडव्या तुळईचेही, बुश पॉलियुरेथेनचे हवे होते. नियम परवानगी देत होता, पैसे माझ्याजवळ होते. अण्णांनी बीम दाखवून समजावले की हा बुश एकाच अक्षाभोवती फिरत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की बीम पिळला जातो आणि बुशाला एकाच वेळी दोन-तीन दिशांनी वळावे लागते. रबर हे निमूटपणे सहन करते. कडक पॉलियुरेथेन अडते, आणि तो अडथळा जणू जादा स्प्रिंग बसवल्यासारखे काम करतो, तोही असा की ज्याचा अंदाज बांधता येत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा जो लोअर आर्म असतो, त्याच्या मागच्या मोठ्या बुशाच्या बाबतीतही सावधगिरी लागते. तेथील रबरात पोकळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, म्हणजे चाक खड्ड्यावर आदळले की किंचित मागे सरकू शकते. ती पोकळी पूर्ण भरून टाकली की ब्रेकिंग स्थिर होते, पण प्रत्येक स्पीडब्रेकर स्टीअरिंगवर ठोका देतो. शेवटी आम्ही पुढे दोन्ही जागी मध्यम कडकपणाचे पॉलियुरेथेन घेतले आणि मागे कंपनीचे नवे रबरी बुश बसवले. सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत मागच्या नव्या रबराने जो फरक पडला, तो पुढच्या महाग बुशांपेक्षा फारसा कमी नव्हता. ज्यांच्या वर्गात काहीच बदलण्यास परवानगी नाही, त्यांनी नवे मूळ बुश बसवण्यापासून सुरुवात करावी. तो कोणत्याही वर्गात नियमभंग नाही आणि त्याची किंमत पॉलियुरेथेन बुशाच्या संपूर्ण संचाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नसते.

बसवण्याच्या कामात दोन गोष्टी त्यांनी न सांगता केल्या. रबरी बुशाचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना आवळले, तर बुश त्याच स्थितीत जखडला जातो, आणि गाडी खाली आली की तो कायमचा पिळलेला राहून काही महिन्यांतच फाटतो. म्हणून मागचे बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उभी करून, खड्ड्यात उतरून, पूर्ण वजन आल्यावरच आवळले. पॉलियुरेथेनचा बुश बाहीभोवती फिरत असल्यामुळे त्याला हा नियम तितका कडकपणे लागू नाही, पण तेथेही त्यांनी तसेच केले. दुसरे म्हणजे लोअर आर्मचे बोल्ट त्यांनी नवे घ्यायला लावले. माझ्या गाडीचे हे बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर आणखी ठरावीक अंश फिरवून आवळायचे असतात. त्यात ते ताणले जातात आणि म्हणून एकदाच वापरायचे असतात. याआधीच्या गॅरेजने जुनेच पुन्हा लावले होते.

स्पर्धेच्या सकाळी तपासनिसांनी बुश पाहिले, कार्ड वाचले, एका बाजूचे माप स्वतः घेतले आणि सही केली. मी माझ्या वर्गात राहिलो. वेळ आधीपेक्षा सुधारली, पण त्या वेळी टायरही नवे होते, त्यामुळे सगळे श्रेय बुशाला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बुशाचे म्हणून जे निश्चित सांगता येते ते एवढेच, की जोरात ब्रेक मारताना गाडीचे नाक जे आधी डावी-उजवीकडे शोध घेत असे, ते आता सरळ राहते. आणि स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीत मांडलेल्या कोनांच्या मधून नागमोडी जाताना, दुसऱ्या कोनाला स्टीअरिंग उलटे फिरवताना गाडी वाट पाहायला लावत नाही.

आता उणिवा. सहा दिवसांचे काम दहा दिवसांत झाले आणि उशीर होणार हे मला मीच फोन केल्यावर कळले. बुश ओतणाऱ्या कारखान्यावर अवलंबून राहावे लागते, हे कारण समजण्यासारखे आहे, पण स्पर्धेची तारीख ठरलेली असताना ग्राहकाला रोज चौकशी करायला लावणे बरोबर नाही. त्यांच्याकडे अलाइनमेंटची सोय नाही; बुश बदलल्यावर टो (चाकांचा आत-बाहेरचा रोख) आणि कॅम्बर तपासणे अनिवार्य असते आणि त्यासाठी गाडी दुसरीकडे न्यावी लागते, तेही बुश पक्के बसण्यासाठी शंभरेक किलोमीटर चालवून झाल्यावर. तिसऱ्या आठवड्यात, सिंहगड रस्त्यावर पहिला जोरदार पाऊस लागल्यानंतर, पुढून करकर ऐकू येऊ लागली. त्यांनी एकही रुपया न घेता आर्म उतरवून पुन्हा सिलिकॉन ग्रीस भरले. पण पॉलियुरेथेनला दर पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस लागते, हे पहिल्याच दिवशी कार्डावर लिहून द्यायला हवे होते. साधे गॅरेजचे ग्रीस पाण्याने धुऊन जाते आणि खनिज तेलाचे ग्रीस शेजारच्या नैसर्गिक रबराला फुगवते, म्हणून हे काम कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे सोपवताही येत नाही. माझ्या तक्रारीनंतर आता कार्डाच्या मागे ग्रीसच्या तारखांसाठी चार रकाने छापलेले आहेत.

एकूण बिल एकवीस हजारांच्या थोडे आत झाले. त्यात पुढचे चार बुश, मागचे कंपनीचे दोन, अँटी-रोल बारचे बुश, नवे बोल्ट आणि मजुरी धरली आहे, अलाइनमेंट वेगळे. प्रत्येक वस्तूची किंमत बिलावर स्वतंत्रपणे लिहिलेली होती. केवळ रोजच्या वापरासाठी गाडी घट्ट करून हवी असेल, तर हा खर्च मी सुचवणार नाही, आणि अण्णाही सुचवत नाहीत. माझ्यासमोर त्यांनी एका तरुणाला कंपनीचे रबर बसवून घे, असे सांगून परत पाठवले. वर्षातून तीन-चार स्पर्धांत उतरणाऱ्याने मात्र येथे जावे, आणि जाताना स्पर्धेच्या पुरवणी नियमांची छापील प्रत, गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि स्पर्धेच्या तारखेआधीचे किमान तीन आठवडे हाताशी ठेवावेत. कार्यशाळा गुरुवारी बंद असते. काढलेले जुने सुटे भाग ते चिठ्ठी लावून पिशवीत परत देतात. माझ्या पिशवीत त्या दोन जाड ॲल्युमिनियमच्या बाह्या होत्या, आणि अण्णांनी त्यांतली एक फाइलीशेजारी ठेवायला मागून घेतली, पुढच्या माणसाला दाखवायला.